लष्करात ट्रक चालवला, आता व्यावसायिक परवाना हवा: अमेरिकेतील एकवीस वर्षांखालील चालकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेच्या सैन्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या जवानाच्या ताब्यात अवजड ट्रक दिला जातो, त्यात इंधन किंवा दारूगोळा भरला जातो आणि ताफ्याबरोबर तो एकामागून एक राज्ये ओलांडत जातो, तेव्हा त्याचे वय कोणी विचारत नाही. लष्करी कामासाठी वाहन चालवणाऱ्यांना व्यावसायिक चालक परवान्याची, म्हणजेच सगळे ज्याला सीडीएल म्हणतात त्याची, अट मुळात लागूच नाही. तोच जवान नागरी मालवाहतूक कंपनीच्या दारात उभा राहिला की मात्र दोन वेगवेगळे प्रश्न एकदम समोर येतात आणि बहुतेकांचा गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो.

मी टेक्सास आर्मी नॅशनल गार्डमध्ये (राज्याच्या अर्धवेळ लष्करी दलात) ८८एम, म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, म्हणून काम करत असताना एकविशीच्या आत सीडीएल काढले. आपल्या मराठी कुटुंबांतली, येथेच वाढलेली काही मुले-मुली आता गार्डमध्ये किंवा राखीव दलात जातात. त्यांतल्या ज्यांना ट्रक चालवून कमाई करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. येथे सैन्यात भरती होण्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते, त्यामुळे आई-वडिलांच्या व्हिसावर आश्रित असलेल्यांना हा मार्ग खुला नाही. आणि पुढे ज्या सवलती सांगितल्या आहेत, त्या फक्त अमेरिकेच्या सैन्यातील अनुभवाला मिळतात. भारतीय सैन्यात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या नातेवाइकाला येथे पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

१. वयाचा प्रश्न आणि परीक्षेचा प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न वयाचा आहे. संघराज्याच्या नियमानुसार आंतरराज्य मालवाहतुकीत व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्याच्या आतल्या वाहतुकीसाठी किती वय असावे हे प्रत्येक राज्य ठरवते. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात ते १८ आहे.

दुसरा प्रश्न परीक्षेचा आहे. लष्करी अनुभव असलेल्यांना सीडीएलच्या वाहन चालवण्याच्या परीक्षेतून, आणि काही जणांना लेखी परीक्षेतूनही, सूट मिळू शकते. ही सूट परीक्षेपुरतीच असते. तिच्यामुळे तुमचे वय एका दिवसानेही वाढत नाही.

भारतातही थोडीफार अशीच रचना आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार नागरी परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, पण संरक्षणाच्या कामातील सरकारी वाहनासाठी १८ पुरेशी असतात आणि तो परवाना बाहेर चालत नाही. सैन्याला मुलगा मोठा झालेला दिसतो, बाजाराला दिसत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

वयाची अट सैल करण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१५ च्या फास्ट कायद्याने लष्करात अवजड वाहनांचे प्रशिक्षण घेतलेल्या १८ ते २० वर्षांच्या चालकांना आंतरराज्य वाहतुकीत उतरवून पाहण्याची प्रायोगिक योजना आखायला सांगितले. संघराज्याच्या मोटर वाहक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एफएमसीएसएने, जुलै २०१८ मध्ये तिचा तपशील जाहीर केला. त्यात चालकामागे एखाद्या वाहतूक कंपनीने उभे राहणे आवश्यक होते, आणि प्रवासी किंवा धोकादायक माल नेण्यास मनाई होती. त्यानंतर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने लष्करी अनुभव नसलेल्यांनाही घेणारी शिकाऊ चालकांची योजना आणली. तीत आधी १२० तासांचा आणि मग २८० तासांचा उमेदवारीचा काळ होता, शेजारच्या आसनावर किमान २६ वर्षे वयाचा अनुभवी चालक बसवावा लागे आणि ट्रकचा वेग ताशी ६५ मैलांवर बांधलेला असे.

या दोन्ही योजना तीन-तीन वर्षांच्या प्रायोगिक योजना होत्या आणि मूळ नियम त्यांनी बदललेला नाही. तरीही आंतरजालावर आणि बराकींत त्यांच्याविषयीची अर्धवट माहिती फिरत असते. ‘तू लष्करातला आहेस, तुला चालतं,’ असे एखादा भरती करणारा माणूस म्हणाला, तर कंपनीला नेमक्या कोणत्या सवलतीखाली तसे करता येते याचा कागद मागा. नियम मोडून हद्द ओलांडली, तर तपासणीत गाडी जागेवरच थांबवली जाते आणि त्याची नोंद तुमच्या नावावर बसते.

२. ‘राज्याच्या आत’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्या

सर्वांत जास्त लोक येथे फसतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबू या.

आपला ट्रक राज्याबाहेर गेला नाही म्हणजे वाहतूक राज्यांतर्गत झाली, असे वाटणे स्वाभाविक आहे. कायदा मात्र ट्रकबरोबर मालाचा प्रवासही पाहतो. ह्यूस्टन बंदरात परदेशातून उतरलेला कंटेनर डॅलसच्या गोदामात पोहोचवायचा असेल, तर तुमची चाके टेक्सासच्या मातीतून बाहेर पडली नाहीत तरी तो माल त्याच्या लांबच्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर आहे, आणि त्यामुळे ती वाहतूक आंतरराज्य किंवा परदेशी व्यापाराचाच भाग धरली जाते. माल पाठवणाऱ्याने तो निघतानाच कुठे पोहोचवायचे ठरवले होते, हा येथे कळीचा मुद्दा असतो. उलट, न्यू ब्रॉनफेल्सच्या आसपासच्या चुनखडीच्या खाणीतून निघालेली खडी सॅन अँटोनिओतील बांधकामावर टाकली, तर ती निखळ राज्यांतर्गत वाहतूक होय.

म्हणून नोकरी शोधताना ‘लोकल’ हा शब्द ऐकून समाधान मानू नका. बंदरातील कंटेनरांची ने-आण करणारी कामे बहुतेक वेळा लोकल असतात आणि तरीही वीस वर्षांच्या चालकासाठी बंद असतात. मुलाखतीत सरळ विचारा: माल कुठून येतो, कुठे जाणार आहे आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालाबरोबरच्या वाहतूक पावतीवर, मूळ ठिकाण कोणते लिहिलेले असते? जो पर्यवेक्षक याचे उत्तर देताना चाचरतो, त्याच्याकडच्या कामाविषयी सावध राहावे. एकविशीच्या आतल्यांसाठी खडी-वाळूचे डंप ट्रक, तयार काँक्रीटचे मिक्सर, कचरा वाहून नेणारी वाहने आणि शेतातून जवळच्या साठवणुकीपर्यंत जाणारा शेतमाल ही क्षेत्रे अधिक सुरक्षित आहेत.

राज्य कोणते आहे, यावरही बरेच अवलंबून असते. टेक्सासमध्ये आय-१० हा एकच महामार्ग एल पासोपासून लुईझियानाच्या हद्दीपर्यंत साडेआठशे मैलांहून अधिक धावतो. येथे राज्य न सोडताही दिवसभर गाडी चालवता येते. ऱ्होड आयलंडसारख्या राज्यात राहणाऱ्याने तीच आशा धरू नये, कारण तेथे तासाभरात राज्यच संपते. अशा ठिकाणी सीडीएल लवकर काढण्याची घाई कितपत उपयोगाची, याचा आधी हिशेब मांडावा.

३. कागद युनिटमध्ये असतानाच गोळा करा

वाहन चालवण्याच्या परीक्षेतून सूट मिळवण्यासाठी तुम्हाला दाखवावे लागते की तुम्ही सध्या, किंवा गेल्या एका वर्षात, अवजड वाहन चालवण्याच्या लष्करी कामावर नियमितपणे होता, आणि सेवा सोडण्यापूर्वीची सलग किमान दोन वर्षे तुम्ही त्या प्रकारचे वाहन चालवले आहे. पूर्वी या एका वर्षाऐवजी फक्त ९० दिवसांची मुदत होती. ती २०१६ च्या नियमाने वाढवली. मुदत वाढली असली तरी ती संपते, हे विसरू नका. सुटून आल्यावर वर्षभर महाविद्यालयात घालवून मग अर्ज करू, असा बेत असेल तर सवलत हातची जाते.

अर्जावर कमांडिंग ऑफिसरची, म्हणजे युनिटच्या प्रमुखाची, सही लागते, आणि ती सही हीच खरी अडचण ठरते. अधिकारी बदलून जातात, युनिट परदेशी तैनातीवर निघते आणि नव्या अधिकाऱ्याला तुमचे काम ठाऊक नसते. ज्या अधिकाऱ्याने तुम्हाला गाडी चालवताना पाहिले आहे, त्याच्याकडून सेवा संपण्याच्या तीन-चार महिने आधी सही घ्या. मात्र तुमचे राज्य किती जुनी सही मान्य करते, हे अर्जावर वाचून घ्या.

सोबत पुढील कागद ठेवा:

- लष्करी चालक परवाना. आर्मीत ओएफ-३४६ किंवा संगणकीय डीए-५९८४-ई. त्यावर कोणकोणत्या वाहनांची पात्रता नोंदवली आहे ते तपासा.
- चालक पात्रतेची नोंदवही, म्हणजे डीए-३४८ किंवा तिची संगणकीय प्रत.
- सेवा संपली असेल तर सेवामुक्तीचा दाखला, डीडी-२१४. नॅशनल गार्डमधून सुटला असाल तर तिथला तसाच दाखला, एनजीबी-२२.
- अनुभव आणि प्रशिक्षणाचा दाखला, डीडी-२५८६.
- सेवेत असाल तर लष्करी ओळखपत्र आणि सध्याच्या नेमणुकीचे आदेश.
- राज्याचे साधे वाहन लायसन्स, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा, रहिवासाचे दोन पुरावे, आणि पासपोर्ट, जन्मदाखला किंवा ग्रीन कार्ड.

लष्करी परवान्यावरच्या नोंदी अनेकदा अपुऱ्या असतात. तुम्ही वर्षभर ट्रॅक्टर-ट्रेलर चालवला आणि मोटर पूलमधल्या (युनिटच्या वाहनतळावरच्या) कारकुनाने ती पात्रता चढवलीच नाही, असे सर्रास घडते. ही दुरुस्ती युनिटमध्ये असताना अर्ध्या तासात होते; बाहेर पडल्यावर तिच्यासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

तुमचे वाहन चालवण्याचे पूर्ववृत्तही स्वच्छ हवे. मागील दोन वर्षांत लष्करी परवाना सोडून एकापेक्षा अधिक लायसन्स नसावीत, लायसन्स निलंबित किंवा रद्द झालेले नसावे, नशेत वाहन चालवण्यासारखा अपात्र ठरवणारा गुन्हा नसावा, गंभीर वाहतूक गुन्ह्याची शिक्षा एकापेक्षा जास्त वेळा झालेली नसावी आणि तुमच्या चुकीने झालेल्या अपघाताची नोंद नसावी. रविवारी स्वतःच्या गाडीत केलेला गुन्हाही येथे मोजला जातो.

४. तुमचा ट्रक नेमका कोणत्या वर्गात बसतो ते पाहा

लष्करी ट्रकच्या केबिनमध्ये एक धातूची पट्टी ठोकलेली असते, तिला डेटा प्लेट म्हणतात. तिच्यावरचे वजनाचे आकडे वाचा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. एकट्या वाहनाची एकूण वजनक्षमता २६,००१ पौंड किंवा अधिक असेल, तर ते ब वर्गात येते. जोडवाहनाची एकत्रित क्षमता तेवढी असून ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरची क्षमता १०,००० पौंडांहून अधिक असेल, तर ते अ वर्गात येते. हमवी, म्हणजे लष्कराची जीपसारखी हलकी गाडी, या हिशेबात कुठेच बसत नाही. दोन वर्षे केवळ हमवी चालवलेल्याला ही सवलत मिळत नाही, मग त्याच्या पदाच्या नावात ‘ट्रान्सपोर्ट’ असो वा नसो.

दुसरी बाब निर्बंधांची. सीडीएलवर इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी निर्बंध छापले जातात आणि तुम्ही लष्करात जे वाहन चालवले त्यावरून ते ठरतात. आजचे बहुतेक लष्करी ट्रक स्वयंचलित गिअरचे आहेत, म्हणून परवान्यावर ‘ई’ येतो, म्हणजे हाताने गिअर बदलण्याचा ट्रक चालवता येत नाही. ट्रेलर फिफ्थ व्हीलऐवजी (ट्रॅक्टरच्या पाठीवरच्या जोडणीच्या तबकडीऐवजी) पिंटल हूकला, म्हणजे मागच्या आकड्याला, जोडत असाल तर ‘ओ’ येतो, आणि त्या निर्बंधासह सेमी-ट्रेलरचा ट्रॅक्टर चालवता येत नाही. वाहनाला एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक) नसतीलच तर ‘एल’ आणि ते पूर्णपणे हवेवर चालणारे नसतील तर ‘झेड’ येतो.

‘ई’ असला तरी फारसे बिघडत नाही, कारण मोठ्या कंपन्यांचे ताफेही आता स्वयंचलितच आहेत. खाणीतल्या जुन्या डंप ट्रकवर मात्र तो आडवा येतो. ‘ओ’ असेल तर महामार्गावरची बहुतांश चांगली कामे हातातून जातात. त्यामुळे युनिटमध्ये एम९१५ सारखा ट्रॅक्टर उपलब्ध असेल, तर सार्जंटला विनंती करून त्याची पात्रता मिळवा आणि तोच नियमित चालवा.

५. वैद्यकीय तपासणी आणि स्वयंघोषणा

एफएमसीएसएच्या राष्ट्रीय नोंदणीतील तपासनिसाकडूनच तपासणी करून घ्यावी लागते. लष्कराची तंदुरुस्तीची चाचणी किंवा घरच्या डॉक्टरांचे पत्र चालत नाही. प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिन्यांचे असते. दोन्ही डोळ्यांची दृष्टी स्वतंत्रपणे, चष्म्यासह चालेल, २०/४० हवी, आणि पूर्ण मुदतीच्या प्रमाणपत्रासाठी रक्तदाब १४०/९० च्या आत हवा.

यानंतर तुम्ही कोणत्या प्रकारची वाहतूक करणार याची घोषणा राज्याकडे करावी लागते. पर्याय चार असतात: आंतरराज्य आणि राज्यांतर्गत, आणि दोन्हींत वैद्यकीय अटींतून वगळलेले व न वगळलेले. एकविशीच्या आत असाल आणि नेहमीची मालवाहतूक करणार असाल, तर राज्यांतर्गत, न वगळलेला हा पर्याय निवडा. घाईत पहिल्याच चौकटीवर खूण केली, तर खिडकीवरून परत पाठवतात. राज्यांतर्गत घोषणेनंतर परवान्यावर ‘के’ हा निर्बंध छापला जातो.

६. परवाना कार्यालयात

टेक्सासमध्ये हे काम सार्वजनिक सुरक्षा विभाग, म्हणजे डीपीएस, करतो. वेळ आधी ऑनलाइन ठरवा, कारण सीडीएलची सोय प्रत्येक कार्यालयात नसते.

तुमची लष्करी खासियत, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचा सांकेतिक क्रमांक, ठरावीक यादीत असेल, तर लेखी परीक्षेतूनही सूट देण्याची मुभा राज्यांना २०१८ पासून आहे. त्या यादीत आर्मीचे ८८एम, ९२एफ आणि १४टी, मरीन कोअरचे ३५३१, नौदलाचे इक्विपमेंट ऑपरेटर, आणि हवाई दलाचे २टी१, २एफ० आणि ३ई२ यांचा समावेश होतो. दोन्ही सवलती एकत्र मिळाल्या, तर लष्करी परवाना देऊन सीडीएल घेता येते. त्याला ‘इव्हन एक्स्चेंज’ म्हणतात. ही मुभा आहे, सक्ती नाही, त्यामुळे तुमचे राज्य काय करते ते आधी विचारून घ्या. लेखी परीक्षा द्यावीच लागली तर सामान्य ज्ञान, एअर ब्रेक आणि जोडवाहने हे तीन विषय राज्याच्या हस्तपुस्तिकेतून वाचा. उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के लागतात. लष्करात एअर ब्रेक रोज तपासले असले, तरी पुस्तिकेतील शब्द आणि आकडे वेगळे असतात, म्हणून वाचनाला फाटा देऊ नये.

फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेत प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. लष्करी सवलतीच्या सर्व अटी पूर्ण करणाऱ्या माजी सैनिकांना ते लागत नाही. ट्रक शाळांचे विक्रेते ही गोष्ट आपणहून सांगणार नाहीत आणि हजारो डॉलरांचा अभ्यासक्रम गळ्यात मारतील. तुमचा अनुभव दोन वर्षांहून कमी असेल तर मात्र शाळा टळत नाही. तेव्हा शिकाऊ परवाना काढा, एफएमसीएसएच्या प्रशिक्षण नोंदणीत शाळेचे नाव आहे का ते पाहा, आणि जीआय बिलाचे (सैनिकांच्या शिक्षणाला मदत देणाऱ्या कायद्याचे) हक्क असतील तर ती शाळा माजी सैनिक विभागाने मान्य केलेली आहे का तेही पाहा. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान १४ दिवस परीक्षा देता येत नाही.

सक्रिय सेवेत असून नेमणूक घरच्या राज्याबाहेर असेल, म्हणजे घर न्यू जर्सीत आणि नेमणूक टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस तळावर असे असेल, तर नेमणुकीचे राज्य अर्ज आणि परीक्षा स्वीकारू शकते. त्यासाठी दोन्ही राज्यांनी ती पद्धत स्वीकारलेली असावी लागते.

७. नोकरी शोधताना

परवाना हातात आला तरी कंपनीचा विमा आडवा येऊ शकतो. अनेक विमा कंपन्या तरुण चालकांसाठी जबर हप्ता लावतात किंवा त्यांना नाकारतात, आणि त्यावर कायद्याने काही करता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी फोन करून विचारा: ‘तुमचा विमा वीस वर्षांचा चालक घेतो का?’ याचे उत्तर नाही असेल, तर पुढची दहा पाने भरण्यात अर्थ नाही.

कंपनी तुमचे नाव संघराज्याच्या अमली पदार्थ आणि मद्य क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे चालकांच्या नशेविषयीच्या नियमभंगांच्या नोंदवहीत, तपासते. तेथे तुम्ही स्वतः खाते उघडून संमती द्यावी लागते, ते आधीच करून ठेवा. शेजारच्या न्यू मेक्सिकोत गांजा कायदेशीर असला, तरी सीडीएलधारकाच्या चाचणीत तो आढळला की नोकरी जाते आणि सीडीएलही खाली उतरवले जाते, म्हणजे त्याचा व्यावसायिक दर्जा काढला जातो.

गार्ड किंवा राखीव दलात असाल तर महिन्याच्या सरावासाठी आणि तैनातीसाठी रजा देणे मालकावर युसेरा, म्हणजे सैनिकांच्या नागरी नोकऱ्यांना संरक्षण देणाऱ्या, कायद्याने बंधनकारक आहे. तरीही तारखांचे वेळापत्रक नोकरी लागतानाच लेखी द्यावे, म्हणजे पुढे वाद होत नाही. आणखी एक फायदा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: पोस्ट-९/११ जीआय बिलाचा हक्क असेल आणि कंपनीचा प्रशिक्षण कार्यक्रम माजी सैनिक विभागाने मान्य केलेला असेल, तर पगाराशिवाय मासिक घरभत्ताही मिळतो, तो दर सहा महिन्यांनी टप्प्याटप्प्याने कमी होत जातो.

८. एकविसावे वर्ष पूर्ण झाल्यावर

‘के’ निर्बंध वाढदिवशी आपोआप गळून पडत नाही. डीपीएसकडे जाऊन स्वयंघोषणा आंतरराज्य प्रकारात बदला, वैद्यकीय प्रमाणपत्र चालू असल्याची खात्री करा, शुल्क भरा आणि निर्बंध काढलेला नवा परवाना घ्या. नवा परवाना हाती येईपर्यंत आणि कंपनीने तो आपल्या फायलीत नोंदवेपर्यंत राज्याबाहेरचा माल उचलू नका. धोकादायक मालाची परवानगी हवी असेल, तर बोटांच्या ठशांसह सुरक्षा पडताळणी करावी लागते आणि तिला काही आठवडे लागतात, म्हणून तो अर्ज याच फेरीत देऊन टाका.